‘मी तर तेव्हाच माफ केलं’: सोलापुरातल्या एका मंडळीतलं प्रकरण

हे प्रकरण आमच्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं आहे, सोलापूरचं. ज्यांचं आहे त्यांनी स्वतः वाचून होकार दिलाय, ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलल्यात, बाकी जसं झालं तसं लिहितेय. गावागावातल्या मंडळ्यांमध्ये भेटी देणारे, घरोघरची प्रार्थना चालवणारे, तरुण संघ सांभाळणारे जे आहेत त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय, कारण ‘माफ केलं’ म्हणून राग आतच ठेवणारा असा माणूस प्रत्येक मंडळीत एक तरी असतो आणि बहुतेक वेळा तो मंडळीतला सगळ्यात कष्टाळू माणूस असतो.

त्यांना मी दादा म्हणते. वय पन्नाशीच्या जवळ. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, शिफ्ट बदलती. तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. पेटी फार सुंदर वाजवतात, ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकातली निम्मीअधिक गीतं पुस्तक न उघडता म्हणतात, गायनमंडळ कित्येक वर्षं त्यांच्याच हातात. शनिवारचा उपास कधी चुकत नाही. मंडळीत कुणाकडे मयत झालं की पहिला पोचणारा माणूस हाच, कफनाच्या कापडापासून कबर खणणाऱ्यापर्यंत सगळं बघणार, आणि तिथे एक रुपया कुणाकडून घेणार नाही. हे आधी लिहितेय कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की दिखाऊ माणूस असेल. अजिबात नाही. त्यांची भक्ती खरी आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण अवघड होतं.

काय घडलं

डिसेंबरचा पहिला आठवडा, नाताळच्या गाण्यांची प्रॅक्टिस चालू होती. तबल्यावर बसणारा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, नवी पेठेत मोबाईलच्या दुकानात कामाला, मालकाने सोडलं की यायचा, म्हणजे रोज उशीर. त्या दिवशी जरा जास्तच झाला. दादांनी पेटी थांबवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “आले का राजेसाहेब, उभे रहा की सगळे.” पोरं हसली. इथवर ठीक होतं म्हणा, पण पुढचं वाक्य आलं, “तुझ्या बापानं तरी कुठं वेळ पाळली होती, तू पाळणार.” त्या मुलाचे वडील दारूपायी गेले. सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या मयतीचं सगळं दादांनीच केलं होतं. पोरगा काही बोलला नाही, तबल्यावरचं कापड नीट झाकलं आणि निघून गेला.

तेवढ्यावर राहिलं असतं तर बोलून मिटलं असतं कदाचित. पण त्या रविवारी शेवटची प्रार्थना दादांकडे होती. सगळे डोळे मिटून उभे. दादा सुरू झाले, आधी आजाऱ्यांसाठी, मग शेतकऱ्यांसाठी, पावसासाठी, आणि मग, “हे प्रभू, या मंडळीत ज्यांना तुझ्या सेवेची किंमत नाही, ज्यांच्या घरात संस्कार कमी पडलेत, त्या आईबापांना आणि लेकरांना तू ताळ्यावर आण.” त्या मुलाची आई दुसऱ्या रांगेत होती. प्रार्थना संपायच्या आधी ती बाहेर गेली. डोळे मिटलेले असले तरी कुणाबद्दल चाललंय हे कळायला कुणाला वेळ लागला नाही, आणि तरी शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं.

मला विचाराल तर प्रॅक्टिसमधल्या वाक्यापेक्षा ही प्रार्थना जास्त गंभीर होती. माणूस तोंडावर ओरडला तर समोरचा उलट बोलू शकतो, भांडू शकतो. प्रार्थनेत बोललेल्याला उत्तर देताच येत नाही. वर देवाचं नाव त्यात आलेलं असतं, म्हणजे ज्याला लागलंय त्यालाच वाटतं की आता रागावलो तर देवावर रागावल्यासारखं होईल. आपल्या मंडळ्यांमध्ये हे सर्रास चालतं, सासू-सुनेपासून कमिटीच्या मीटिंगपर्यंत. जे तोंडावर बोलायची हिंमत नाही ते प्रार्थनेत देवाला सांगायचं, समोरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

पास्टोरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी कमिटी, बसली. काही म्हणाले काढा, काही म्हणाले एवढ्या वर्षांची सेवा बघा, आणि एकदोघं म्हणाले की हा रागाचा आत्मा आहे, उपवास प्रार्थना लावून काढून टाकू. उपवास प्रार्थना झालीही. दादा त्यात रडले. पुढच्या रविवारी उभे राहून म्हणाले, माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा. लोकांना बरं वाटलं. ज्याचं मन दुखावलं होतं तो त्या दिवशी आलाच नव्हता, आणि त्याच्या घरी जाऊन कुणी काही सांगितलंही नाही. नाताळची गाणी तबल्याशिवाय झाली.

जानेवारीत, सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर, पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरनी, मला सोबत घेतलं आणि दादांच्या घरी जायला सुरुवात केली. वहिनींशी कुणी बाईमाणसाने बोलावं म्हणून मी.

घरी

वहिनी पहिल्या भेटीत काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या वेळी स्वयंपाकघरात गेले, त्या भाकऱ्या थापत होत्या, हात चालू ठेवूनच म्हणाल्या, “ओरडतात त्याचं मला काही नाही ओ ताई. ओरडून मोकळे तरी होतात. गप्प बसतात ना चार चार दिवस, त्याची भीती वाटते. ताट वाढलं की जेवायचं, उठायचं. काय चुकलं सांगणारच नाहीत. शनिवारी उपास धरतात तेव्हा तर कळतच नाही की देवासाठी उपाशी आहेत का माझ्यावर.” मग तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “हे बाहेर नका सांगू. लोक म्हणतील एवढा देवभक्त नवरा आणि हिला किंमत नाही.”

मारहाण कधी झाली का, हे मी तिथेच स्पष्ट विचारलं. भेटी देणाऱ्यांनी हे विचारलंच पाहिजे, आणि नवऱ्यासमोर नाही, एकटीला. इथे तसं काही नव्हतं. असतं तर ही पुढची सगळी पद्धत बाजूला ठेवून आधी तिची आणि मुलीची सुरक्षितता बघावी लागली असती. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा ख्रिस्ती घरालाही तेवढाच लागू आहे आणि 181 हा महिला हेल्पलाईनचा नंबर आहे. “बहिणी, सहन कर, प्रार्थना कर” असं सांगून बाईला परत त्याच घरात पाठवणं मला पाप वाटतं, दुसरा शब्द नाही.

आता ज्या संध्याकाळी खरी गाठ सुटायला लागली ती सांगते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मधे काही दिवस जातात, आणि येईल तेव्हा सगळं घर त्याच्यामागे असतं. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलेलो. दादा सांगत होते, अगदी शांतपणे, “पाळकसाहेब, उपवास प्रार्थनेनंतर राग राहिलाच नाही. प्रभूने मुळापासून काढला. आता कुणी काही बोललं तरी आत काही हलत नाही.” तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा, पाणी आलं, पाणी आलं. बारावीतली मुलगी पळाली, मोटर लावली, पण पाईप टाकीतून निसटला होता आणि पाणी सगळं अंगणात. पाच मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. दादा उठले आणि त्या मुलीवर असे काही बरसले की शेजारची दारं उघडली. तुला काही कळतं का, सगळं मीच बघायचं का, मी मेलो तर काय करणार तुम्ही. मुलगी पाईप हातात धरून उभी. मग दादा आत आले, पंच्याने हात पुसले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “हां, आपण कुठं होतो?”

पाळकसाहेबांनी त्यांना टोचलं नाही. नुसतं विचारलं, “दादा, आत्ता काय झालं?”

“काही नाही, पाण्याचं.”

“पाण्याचं नाही विचारत. तुमच्या आत काय झालं?”

बराच वेळ गेला. मला वाटलं आता हे चिडणार. पण ते म्हणाले, “सांगता येत नाही साहेब.” आणि मग थोड्या वेळाने, “असं वाटतं मी एकटाच सगळं धरून बसलोय आणि बाकी सगळे सोडून देतात.”

तबलेवाल्या मुलावर जे निघालं, मुलीवर जे निघालं, ते हेच होतं. पण ते आलं कुठून हे त्यांना स्वतःलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं असं मला खरंच वाटतं.

भाऊ, घर आणि साक्ष

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा दादांचं नुकतंच लग्न झालेलं. कित्येक वर्षं अंथरुणातल्या वडिलांचं सगळं दादा आणि वहिनींनी केलं. धाकटा भाऊ पुण्यात, सणाला गाडीने यायचा, फळं आणायचा, संध्याकाळी परत. वडील गेल्यावर त्याने घर विकायचा आग्रह धरला, निम्मे पैसे पाहिजेत. कायद्याने त्याचा हक्क होताच, त्याबद्दल दादांचं काही म्हणणं नाही. पण बोलाचालीत तो एक वाक्य बोलून गेला, “तू इतकी वर्षं इथं फुकट राहिलास ना, ते मी धरत नाही.”

फुकट. वडिलांची कूस बदलण्यात गेलेल्या रात्री याने फुकटात मोजल्या.

दादांनी सही केली. आणि त्याच आठवड्यात, घरोघरच्या प्रार्थनेत, साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं, की प्रभूच्या कृपेने मी भावाला पूर्ण माफ केलंय, मनात काही नाही. लोकांच्या डोळ्यात पाणी आलं. पुढे एका सभेतही त्यांना ही साक्ष द्यायला सांगितलं. मंडळीत क्षमेवर प्रवचन असलं की दादांचं उदाहरण यायचं.

माझ्या मते गाठ इथे बसली. भाऊ वाईट वागला, खरं आहे, पण जगात भाऊ असे वागतात. मंडळीने काय केलं ते बघा. माणसाला लागलंय, वडील गेलेत, घर चाललंय, पायाखालची जमीन हलली आहे, आणि त्याच्या तोंडून “माफ केलं” आल्याबरोबर आपण सगळ्यांनी हल्लेलुया म्हणून त्याच्यावर शिक्का मारला. आता त्याला रडायची सोय राहिली नाही. रात्री दोन वाजता ते वाक्य आठवून छाती जळायला लागली तर तो कुणाला सांगणार? साक्ष तर देऊन झाली! मग त्याने त्या जळजळीला नावच द्यायचं सोडलं, उपास वाढवले, सेवा वाढवली, आणि जो कुणी उशिरा येईल, काम अर्धवट सोडेल, निष्काळजीपणा करेल, तो त्याला नकळत धाकटा भाऊ दिसायला लागला.

दादांनी हे सांगितलं तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं की त्या वाक्याने लागलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मला पण लागलं होतं की ओ. बेडपॅन मी पण उचललं होतं.”

आम्ही काय केलं

आधी साध्या गोष्टी. झोप किती होते विचारलं, तर रात्रपाळीच्या आठवड्यात चार तास पण नाही. बीपी तपासून घ्यायला लावलं, वाढलेलं निघालं, गोळी सुरू झाली. एलिया संदेष्ट्याची गोष्ट आपण कर्मेल डोंगरावरच्या अग्नीसाठी सांगतो, त्याच्या पुढचा अध्याय कमी सांगतो. 1 राजे 19 मध्ये तोच माणूस झुडपाखाली पडून मरण मागतोय, आणि देवदूत त्याला प्रवचन देत नाही, भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. बोलणं त्यानंतर. आम्ही दादांना हेही सांगितलं की गरज वाटली तर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, किंवा 14416 वर टेली-मानसला फोन करता येतो, त्याने विश्वास कमी होत नाही. ते गेले नाहीत, पण नाही म्हणतानाही चिडले नाहीत.

मग लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात पेटी आणि जाहीर प्रार्थना दोन्ही थांबवायचं ठरलं. हे फार जड गेलं. त्यांना ती शिक्षाच वाटली, आणि कमिटीतल्या काहींनी ती शिक्षा म्हणूनच गावभर सांगितली, ते वेगळंच दुखणं. पाळकसाहेबांनी रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं की दादा विश्रांती घेताहेत, मंडळीने त्यांना बसून भक्ती करू द्यावी. दादा मला म्हणाले, “पेटीवर दुसरा बसला तर मी कोण ओ ताई?” या प्रश्नावर आमच्या दोन-तीन भेटी गेल्या. मार्था घरात राबत होती, चिडली, आणि चिडून सरळ येशूकडेच तक्रार घेऊन गेली की माझ्या बहिणीला सांगा मला मदत करायला. येशूने तिला हाकलली नाही, तिचं नाव दोनदा घेतलं. दादांना मी ते लूक 10 मधलं वाचायला दिलं होतं. त्यांनी वाचून सांगितलं की आजवर मी मार्थेला नेहमी चुकीची बाई समजत आलो, पण ती निदान बोलली तरी, मी तर तेवढंही बोललो नाही.

स्तोत्रं वाचली. स्तुतीची नाही, तक्रारीची. तेरावं, जिथे दावीद विचारतोय परमेश्वरा किती वेळ, आणि पंचावन्नावं. पंचावन्नाव्यात 12 ते 14 ओवींत तो म्हणतोय की निंदा करणारा शत्रू असता तर मी सोसलं असतं, पण तो तू होतास, माझ्या बरोबरीचा, माझा मित्र, आपण मिळून देवाच्या घरी जायचो. दादा मोठ्याने वाचत होते आणि तिथे थांबले. पुढे वाचता आलं नाही. पाळकसाहेबांनी पुढच्या ओवी वाचल्या. हे पवित्र शास्त्रात आहे, भक्तीच्या गाण्यांच्या पुस्तकात आहे, आणि आपण ते मंडळीत कधी म्हणतच नाही.

पण सगळ्यात जास्त उपयोगी पडला योसेफ. त्याला भावांनीच विकलं. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा झाल्यावर पहिला मुलगा झाला तेव्हा तो म्हणाला की देवाने मला माझे सगळे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं, उत्पत्ती 41:51. म्हणजे त्याची पण साक्ष देऊन झाली होती. पुढच्याच अध्यायात भाऊ धान्य मागायला समोर उभे राहतात आणि हा माणूस बाजूला जाऊन रडतो. 43 मध्ये पुन्हा आतल्या खोलीत जाऊन रडतो आणि तोंड धुऊन बाहेर येतो. 45 मध्ये इतक्या मोठ्याने रडतो की बाहेर मिसरी लोकांना ऐकू जातं. वडील वारल्यावर 50 मध्ये पुन्हा. त्याने मधे भावांची परीक्षा घेतली, वेळ घेतला, एकदम गळ्यात पडला नाही. आणि “तुम्ही माझं वाईट योजलं” हे तोंडावर म्हटलं, मग देवाने त्यातून चांगलं योजलं हे म्हटलं. आपण त्या वाक्याचा पहिला अर्धा गिळतो आणि दुसरा अर्धा भिंतीवर लावतो. दादांना हे वाचताना मी पाहिलंय, बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखं. ते म्हणाले, “म्हणजे विसरलो म्हणाला तेव्हा खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच वाटलं असणार.”

रोजच्यासाठी एक छोटी गोष्ट ठरवली. रात्री झोपायच्या आधी वहीत दोन-तीन ओळी, आज कुठे भडकलो किंवा कुठे गप्प बसलो, आणि त्याच्या आत काय होतं, अपमान, भीती, थकवा, एकटेपण, काय ते. मग तेच देवाला सांगायचं, आहे तसं. सुरुवातीला सगळीकडे नुसतं “राग” लिहिलेलं असायचं. हळूहळू दुसरे शब्द यायला लागले. एका पानावर होतं, मुलगी कॉलेजसाठी पुण्याला जाईन म्हणाली, ओरडलो, आत भीती, पुण्याला गेलेलं माणूस परत येत नाही.

मंडळीतल्या काहींनी विचारलं की हे सगळं मानसशास्त्र झालं, यात आत्मिक काय. प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून उत्तर देते. येशू लाजराच्या कबरेपाशी रडला, आणि पाचच मिनिटांनी त्याला उठवणार होता तरी रडला. मार्क 3:5 मध्ये त्याने रागाने सभोवार पाहिलं आणि त्याच वेळी त्याला दुःखही झालं, दोन्ही त्याच ओवीत आहे. पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत त्याने तिघा शिष्यांना स्पष्ट सांगितलं की माझा जीव अतिशय खिन्न झालाय, इथे थांबा. त्याने आतलं लपवलं नाही आणि आतल्यामुळे कुणाला फटकारेही मारले नाहीत. आपल्याला त्याच्यासारखं व्हायचंय ना? पौल इफिसकरांना लिहितो की रागवा पण पाप करू नका आणि सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका. आपण पहिला शब्द वगळून वाचतो, मग राग आलाच नाही असं दाखवतो, आणि सूर्य मावळतच राहतो, वर्षानुवर्षं. गलतीकर 5 मधलं आत्म्याचं फळ घ्या, सहनशीलता, ममता, सौम्यता, इंद्रियदमन, यातलं एकही एकट्याने गुडघ्यावर बसून सिद्ध होत नाही, सगळं दुसऱ्या माणसासमोर कळतं. आणि इब्री 5:14 म्हणतं की प्रौढांची बरंवाईट ओळखण्याची शक्ती सरावाने तयार होते. सरावाला वेळ लागतो.

नारायण वामन टिळकांचं बघा. 1895 ला बाप्तिस्मा घेतला, त्यांची भजनं आपण आजही म्हणतो, आणि माणूस किती तापट होता हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत मुळीच लपवलेलं नाही. बाप्तिस्म्याने स्वभाव एका रात्रीत बदलला असं त्या कुठे सांगत नाहीत. तरी त्या आठवणी वाचून टिळकांबद्दलचा आदर कमी होत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये पण एवढं खरं बोलता आलं पाहिजे.

मुलाकडे, आणि भावाकडे

ईस्टरच्या नंतर दादा त्या मुलाच्या दुकानात गेले नाहीत, गिऱ्हाईकांसमोर नको म्हणून, घरी गेले. काय बोलायचं ते आधी पाळकसाहेबांसमोर बोलून पाहिलं होतं, कारण पहिल्या दोन वेळा त्यात “पण तू पण वेळेवर यायला पाहिजे होतंस” हे घुसतच होतं. शेवटी म्हणाले ते साधारण असं, “मी तुझ्या वडिलांवरून बोललो. सगळ्यांसमोर बोललो. मग प्रार्थनेत तुझ्या आईला बोललो, देवाचं नाव घेऊन. ते चुकीचं होतं. तू उशिरा आलास याचा त्याच्याशी संबंध नव्हता, माझ्या मनात दुसरंच होतं.” पोरगा म्हणाला, “ठीक आहे दादा.” चहा दिला. गायनमंडळात येणार का हे दादांनी विचारलं नाही, ते मला फार आवडलं. तो आला नाही अजून. अधूनमधून उपासनेला मागे बसतो.

मत्तय 5 मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर असं आहे, ते मनात धरून दादांनी मेमध्ये पुण्याला फोन केला. भांडायला नाही. एवढंच सांगितलं की “तू फुकट राहिलास” असं म्हणालास ते मला खूप लागलं होतं आणि मी तुला सांगितलं नाही, उलट लोकांना सांगितलं की काही लागलं नाही. भाऊ म्हणाला, एवढं जुनं काढून बसलायस का, आता काय पैसे पाहिजेत का. फोन दोन मिनिटांत संपला. समेट झाला नाही. दादा त्या रात्री वहिनींजवळ बसून रडले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले, कुणावर काही निघालं नाही. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात वाढ कुठे दिसली तर ती त्या दुसऱ्या दिवशी दिसली. भाऊ बदलला असता तर आपण त्याची साक्ष केली असती. भाऊ बदलला नाही आणि तरी हा माणूस बदलत होता.

सगळं सरळ झालं असं नाही. पावसाळ्यात एकदा पुन्हा गप्प बसले, दोन दिवस. फरक एवढाच की दुसऱ्या रात्री स्वतःच वहिनींना म्हणाले, “मी गप्प आहे ते तुझ्यामुळे नाही, कारखान्यात साहेब बोललाय, मला अजून बोलता येत नाहीये.” वहिनी मला म्हणाल्या एवढं सांगितलं तरी मला जेवण गेलं. हार्वेस्टच्या, म्हणजे मंडळीतल्या कापणीच्या सणाच्या लिलावात कुणीतरी भोपळ्याची बोली लावताना दादांना चिमटा काढला, पेटीवाले आता रिटायर झाले म्हणून. ते उठून बाहेर गेले, थोड्या वेळाने आत आले आणि त्या माणसाला बाजूला घेऊन सांगितलं की ते मला लागलं. त्याने हसण्यावारी नेलं. दादांनी नेऊ दिलं.

मुलीचं पुण्याच्या कॉलेजचं फॉर्म दादांनी स्वतः भरलं, ॲडमिशन सोलापुरातच मिळालं हा भाग वेगळा.

आता गायनमंडळ दादा आणि तरुण संघातली एक मुलगी असे दोघं मिळून बघतात, ती वेळापत्रक लावते, ते पेटी वाजवतात, आणि उशिरा येणाऱ्यांशी तीच बोलते. जाहीर प्रार्थना ते सध्या लिहून आणतात आणि आधी वहिनींना दाखवतात, ही त्यांची स्वतःची कल्पना. क्षमेवरच्या एका सभेत पुन्हा साक्ष द्याल का असं विचारणं आलं होतं, त्यांनी नाही सांगितलं.

त्या मुलाच्या आईचं मात्र राहिलंय. दादा तिच्याशीही बोलायला गेले होते, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की मला वेळ लागेल आणि इतक्यात माझ्या घरी येऊ नका. ती अजून आमच्या उपासनेला येत नाही, रविवारी बहिणीसोबत दुसऱ्या मंडळीत जाते. महिला मंडळातल्या दोघी तिच्याकडे महिन्यातून एकदोनदा जातात, परत ये म्हणून नाही, नुसतं बसायला. दादांचं नाव तिने काढलं तरच काढायचं असं ठरलंय.